जासईची कॅसेट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही त्यांना ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

गोष्ट तशी एका कॅसेटची आहे. माझ्या मुलीला कॅसेट दाखवली तर ती तिला मोजपट्टीची डबी समजते. मग एका कॅसेटसाठी एवढं काय? असं मी स्वतःला बरीच वर्षं विचारत आले. उत्तर जवळ यायला लागलं की विषय बदलायचा, हे मला चांगलं जमतं.

तर आधी आमच्या स्टिरिओबद्दल सांगते. त्याबद्दल बोलायला मला आवडतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आडोशाला मी थोडा वेळ लपणारही आहे.

दोन हजार तीनच्या आसपासची दिवाळी असेल. बाबांनी तो घरी आणला तेव्हा आमच्या इमारतीतली निम्मी माणसं बघायला आली होती. तळ्यामागची तीन मजली इमारत आमची, पनवेलमध्ये तेव्हा अशाच असायच्या. काळा कुळकुळीत स्टिरिओ, वर तीन सीड्यांची फिरती थाळी, खाली कॅसेटसाठी दोन दारं आणि दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढाले स्पीकर. आईने दुसऱ्याच दिवशी स्पीकरांवर क्रोशाचे रुमाल घातले. एकावर ती गणपतीची मूर्ती ठेवणार होती, बाबांनी कसंबसं अडवलं.

तो काळ असा मधलाच होता. गाणी सीडीवर यायला लागली होती, पण लोकांकडे वाजवायला टेपच होते. स्वयंपाकघरात टेप, शिंप्याच्या दुकानात टेप, रिक्षात टेप. मग सीडीवरची गाणी कॅसेटवर उतरवून कोण देणार? मेघा देणार. मेघा म्हणजे मी. तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि 'कॅसेट भरून देणारी मेघा' ही माझी पदवी मला पुढे मिळालेल्या खऱ्या पदवीपेक्षा जास्त प्रिय होती.

आणि मी भरायचेही मन लावून. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक गाण्याची मिनिटं मांडायची, फिरवून फिरवून अशी जुळवायची की बाजू संपताना गाणं मध्येच तुटू नये. बाजारातल्या भरून दिलेल्या कॅसेटींत शेवटचं गाणं हमखास अर्ध्यावर मुकं व्हायचं. माझ्या कॅसेटीत कधीच नाही. दोन गाण्यांत चार सेकंदांची शांतता. कव्हरमधल्या कागदावर गाण्यांची नावं, काळ्या शाईने, एकाखाली एक. आमच्याकडे चारला वीज जायची ती थेट सहाला यायची, म्हणून सगळी आखणी त्याआधीची.

शेवटी एक काम असायचं. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या बारीक टिकल्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, जे आहे ते कायमचं सुरक्षित राहतं. हे ज्ञान मी येईल त्याला, न विचारता द्यायचे. "आधी टिकली मोडा, मग नाचा," असं मी म्हणायचे. अठराव्या वर्षी माणूस किती नाकाने कांदे सोलतो, नाही?

लपून झालं. आता जनाकाकी.

जनाकाकी आमच्या समोरच्या दारात राहायच्या. सासर मूळचं कोनचं, आगरी घर. एक्सप्रेसवेच्या बाजूची जमीन विकून ते कुटुंब पनवेलला फ्लॅटमध्ये आलं होतं. काका डंपर चालवायचे, पुढे त्यांचे स्वतःचे दोन झाले. काकींना फ्लॅट काही मानवला नव्हता. जिन्यात पाट टाकून त्या मासे साफ करायला बसायच्या, वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू नाकाला पदर लावून उतरायच्या, आणि काकी त्यांना मुद्दाम थांबवून तब्येतीची चौकशी करायच्या. मला त्या फार आवडायच्या. हे मी आत्ता स्वतःची बाजू बरी दिसावी म्हणून सांगत नाहीये. आवडायच्या, म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे.

त्यांचं माहेर जासईचं. त्यांची आई तिथली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी ही बाई असते, आणि तिचा मान मोठा. ती गाते तसतसं लग्न पुढे सरकतं — हळद तिच्या गाण्याने लागते, मांडव तिच्या गाण्याने उभा राहतो. नवरा-नवरीची नावं त्यात गुंफायची, देवांना बोलवायचं, पितरांना बोलवायचं. हे कुठे लिहिलेलं नसतं. काकींच्या आईला तर सहीसुद्धा येत नव्हती. सगळं तोंडात.

म्हातारीला दम लागायला लागला तेव्हा काकींच्या डोक्यात आलं की रुपालीच्या लग्नाचे धवले आत्ताच कॅसेटमध्ये गाऊन घ्यावेत. रुपाली ही काकींची थोरली, तिचं नुकतंच ठरत होतं. काकींनी मला विचारलं, घरातल्या टेपवर आवाज कसा भरायचा? मीच शिकवलं. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं प्लेचं बटण, दोन्ही एकदम दाबायची. नुसतं प्ले दाबलं तर पट्टी फिरते पण आवाज भरत नाही. काकींनी माझ्यासमोर दहा वेळा दाबून बघितली. मग टेप पिशवीत घालून एसटीने जासईला गेल्या आणि एक बाजू भरून आल्या. म्हातारी तेवढीच गाऊ शकली. पुढे दीड महिन्यात ती गेली.

रुपालीचं लग्न वैशाखात धरलं होतं. चैत्रातल्या एका सकाळी काकी ती कॅसेट घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या दोघी बहिणींसाठी एकेक नक्कल करून हवी होती, आणि लग्नात मांडवात आईचाच आवाज लावायचा होता. दोन कोऱ्या कॅसेटी सोबत आणल्या होत्या. देताना एवढंच म्हणाल्या, "जपून गो मेघे. आये हाय त्याच्यान."

मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "काकी, माझ्या हातून आजवर एक तरी गाणं तुटलंय का?"

दुपारी तीननंतर मी बसले. मला त्या दिवशी आणखी एक काम होतं. वर्गातल्या एकाने नवी सीडी एका दिवसासाठी दिली होती, आणि त्यातली दोन गाणी चारच्या आत कॅसेटवर घ्यायची होती. तो मुलगा कोण, मला तो का महत्त्वाचा वाटत होता, हे आता आठवायलाही लाज वाटते. तो पुढे काही झालाही नाही माझा. पण घाई त्याचीच होती, हे खरं आहे.

काकींची कॅसेट लावली आणि चार-पाच मिनिटं ऐकली. सुरुवातीला मायलेकींचं दोन वाक्यांचं बोलणं होतं. ते काय होतं ते शेवटी सांगते, ते सांगायलाच तर बसलेय. मग म्हातारी खोकली. लांब कुठेतरी कंटेनरवाल्या ट्रेलरचा भोंगा वाजला, जवळ कोंबडी ओरडली. आणि मग तो आवाज आला. बारीक, थोडा फाटलेला, ओळीच्या शेवटी लांबत जाणारा. साथीला काही नाही. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीत 'रुपाली' असं नाव आलं, आणि ते घेताना म्हातारी गाता गाता हसली. आवाजात हसू ऐकू येतं, माहीत आहे ना?

आणि मला कंटाळा आला. हेही सांगून टाकते. मला ते एकसुरी वाटलं. मी पट्टी उलटी फिरवून पहिल्यापासून लावली आणि नक्कल करायला घेतली.

आमच्या स्टिरिओच्या दोन दारांपैकी डावं दार फक्त वाजवायचं. भरायचं काम उजव्या दाराचं. सीडीवरून भरताना मला कायम एकच दार लागायचं, उजवं. लोकांनी दिलेली कॅसेट घ्यायची, उजव्या दारात घालायची — हे वर्षभर रोज केलेलं. हाताला तेच ठाऊक. काकींची कॅसेट मी उजव्याच दारात ऐकली, आणि ती तिथेच राहिली. कोरी घातली डाव्यात. म्हणजे काय झालं, कळलं तुम्हाला? कोरी कॅसेट वाजत होती, आणि तिचं कोरेपण म्हातारीच्या आवाजावर भरलं जात होतं.

आधी टिकली मोडली असती तर यंत्राने बटणच घेतलं नसतं. दोन सेकंदांचं काम. जगाला शिकवत फिरणारीने ते केलं नाही, नक्कल झाल्यावर मोडू म्हटलं. वर घाई म्हणून दुप्पट वेगाचं बटण लावलं. त्या वेगात आवाज उंदरासारखा चिरकतो, म्हणून आवाज पार बंद करून ठेवला. आणि मी काय करत होते? बाजूला बसून कव्हरच्या कागदावर वळणदार अक्षरात 'धवले' लिहीत होते. अक्षराखाली वेलबुट्टीही काढली.

पंधरा मिनिटांनी खट्ट झालं. नक्कल तपासायला लावली, तर नुसती सळसळ. मग मूळ लावली. सळसळ. पुढे नेली, मागे आणली, उलटी घातली, पेन्सिल घालून पट्टी हाताने फिरवली. मी तिथे फरशीवरच बसले. चार वाजले, वीज गेली आणि स्टिरिओचे हिरवे आकडे विझले.

इथपर्यंतची चूक आहे. चुका होतात. हाताच्या सवयीने होतात, घाईने होतात. हे काकींना सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्या, कदाचित चार दिवस बोलल्या नसत्या. मी इतकी वर्षं लपवत आलेय ते इथपर्यंतचं नाही. इथून पुढचं आहे ते.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असंही झालं नाही. मला दोन तास मिळाले होते. चार ते सहा, घामाघूम होत, मी नीट विचार केला. कॅसेट पुसली गेली म्हणावं, तर कुणी पुसली? पट्टी यंत्रात अडकली म्हणावं, तर पट्टी धडधडीत शाबूत. आणि मग सुचलं. किती सोपं होतं! कोरी कॅसेट म्हणजे जिच्यात काही भरलंच गेलं नाही अशी कॅसेट. कुणी भरताना एकच बटण दाबलं तर ती अशीच दिसेल. अगदी अशीच.

सहाला काकी आल्या. भावाने नेऱ्याच्या डोंगरातून आणलेली करवंदं होती हातात, कागदाच्या पुडीत, माझ्यासाठी.

"काकी, यात काहीच नाहीये हो," मी म्हटलं. "कोरी आहे."

त्या हसल्या. "चेष्टा करतंस."

"खरंच. भरताना तुम्ही नुसतं प्लेचं दाबलं असणार. लाल बटण राहिलं असेल."

"नाय गो," त्या पटकन म्हणाल्या. "आयेनच इचारला ना मना, दोनी दाबलीस का म्हनून. मी दाबली. मना चांगला आठवतं."

आणि मी म्हटलं, "तुम्हाला वाटलं असेल, काकी."

बस्. एवढंच. या चार शब्दांसाठी मी हे सगळं लिहितेय.

त्या दिवाणावर बसल्या. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या, कुणाचा तरी दुसऱ्याचाच हात असल्यासारखा. मग मला रडू आलं — भीतीने, सुटल्यामुळे, कशाने कोण जाणे — आणि काकींनी मला जवळ घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू कनाला रडतंस? तुजी काय चूक? माजाच हात येडा." करवंदं मला खायला लावली. मी खाल्ली.

आठवड्याभराने तीच कॅसेट परत माझ्याकडे आली. "कोरीच हाय तर हलदीची गानी भर त्याच्यान. चांगली कॅशेट फुकट कनाला घालवायची?" नाही म्हणायला मी काय कारण देणार होते? घरात होत्या नव्हत्या त्या सीड्या काढल्या, मिनिटं मांडली, नाचायची गाणी भरली. दोन्ही बाजू तीस-तीस मिनिटं, एकही गाणं तुटलं नाही. आणि मग, सवयीने, दोन्ही टिकल्या मोडल्या.

कोनला मांडवात ती कॅसेट दणक्यात वाजली. लोकांनी दोनदा लावायला लावली. काकींच्या दिराने मला बोलावून शाबासकी दिली. धवले गायला उरणकडची एक धवलारीण आणली होती, चांगली गायली म्हणतात. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी होते. तिथे काकींची मोठी बहीण कुणाला तरी सांगत होती, "येवडा येक काम सांगला होता आयेन. ता पन नाय जमला जनीला." काकी मागेच होत्या. त्यांनी ऐकलं. ऐकून मान हलवली — हो, नाही जमलं.

पुढे काकी हा किस्सा स्वतःच सांगायला लागल्या. हसत. लग्नात, बारशात, जिन्यात. "मी येडी, येकच बटन दाबला!" लोक हसायचे. मी त्या हसण्यात कितीदा बसलेय, मोजदाद नाही.

आणि त्यांनी यंत्राला हात लावणं सोडलं. आधी टेप, मग मिक्सर, मग धुलाईचं मशीन. "माजा हात नको त्याला." लिफ्टच्या इमारतीत गेल्या तरी कुणी तरी येऊन बटण दाबेपर्यंत खाली उभ्या. घरातले चिडवायचे — आईला बटण दाखवू नका रे! ही तीच बाई, जिने माझ्यासमोर दहा वेळा दाबून बघून, टेप पिशवीत घालून, एकटीने जासईला जाऊन आपल्या आईचा आवाज बरोबर भरून आणला होता. तो हात येडा नव्हता. त्याला येडा ठरवला मी.

मधे बरीच वर्षं गेली. स्टिरिओची सीडीची थाळी फिरायची बंद झाली, बाबांनी तो भंगारात दिला. माझं लग्न झालं, नव्या पनवेलला आले. काही वर्षांपूर्वी रुपालीकडे तिच्या धाकट्याच्या वाढदिवसाला गेले होते. तिथे तिची थोरली मुलगी मोबाइल घेऊन आजीच्या मागे लागली, जुनं काहीतरी गा, मला भरून ठेवायचंय. काकींनी मोबाइल माझ्याकडे दिला. "मेघे, तू दाब. तुज्या हातचा कदी तुटत नाय."

मी दाबलं. काकी गायल्या, दोन ओळी, आईसारख्याच शेवटी लांबवत. मग थांबल्या. "फुडचा नाय येत. आयेला ठाव होता, कॅशेटीन होता सगला." मग म्हणाल्या, "माज्यामुलं गेला."

खोलीत सहा-सात बायका होत्या. माझ्या हातात तो मोबाइल चालूच होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि म्हटलं, "छान झालं काकी."

काकी अजून आहेत. सत्तरी जवळ आली. सणाला डबा पाठवतात.

आता ते दोन वाक्यांचं बोलणं. कॅसेटच्या अगदी सुरुवातीला होतं, खोकल्याच्या आधी. पहिला आवाज म्हातारीचा, यंत्राच्या फार जवळून आलेला: "जने, दोनी दाबलीस ना गो?" आणि मग काकींचा, तरुण, जरासा वैतागलेला, शाळेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा: "दाबली गो आये. दोनी दाबली."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, त्या दुपारी साडेतीन वाजता. आणि सहा वाजता त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, तुम्हाला वाटलं असेल, काकी.